विश्लेषण : युरोपातील कोवळे बास्केटबॉलपटू ‘एनबीए’ कसे हेरते? पारख करताना अंदाज का चुकतात?

तीन वेळा ‘एनबीए’चा सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या सर्बियाच्या निकोला योकिचला ड्राफ्टमध्ये ४१वा क्रमांक मिळाला होता. त्याच सर्बियातील दार्को मिलिचिचला दुसऱ्या क्रमांकाचा मान मिळाला आणि तो पुढे सफरचंदांच्या बागेत रमला. ‘एनबीए’चे ३० श्रीमंत संघ, त्यांचे युरोपभर फिरणारे स्काउट, चित्रफितींचा आणि आकड्यांचा ढीग इतके सारे हाताशी असूनही १८-१९ वर्षांच्या मुलाची पारख इतकी अवघड का ठरते, याचा आढावा.

एनबीए ड्राफ्ट म्हणजे काय?

‘आयपीएल’च्या लिलावात ज्याच्या खिशात पैसा तो संघ बोली वाढवत जातो. ‘एनबीए’च्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ३० संघ दोन फेऱ्यांत, एकामागून एक नवे खेळाडू निवडतात. आधीच्या हंगामात पिछाडीवर राहिलेल्या संघांना लवकर पाळी मिळावी अशी रचना असते. बाद फेरीला मुकलेल्या १४ संघांमध्ये सोडत काढली जाते आणि पहिले चार क्रमांक त्या सोडतीतून ठरतात. एकदा संघाने नाव पुकारले की त्या खेळाडूशी ‘एनबीए’त करार करण्याचा हक्क त्याच संघाकडे राहतो.

ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूने वयाची १९ वर्षे पूर्ण करणे आवश्यक असते. अमेरिकेबाहेरचा खेळाडू ज्या वर्षी २२ वर्षांचा होतो, त्या वर्षी तो आपोआप पात्र ठरतो. त्याआधी यायचे असेल तर स्वतःहून नाव द्यावे लागते. अंदाज घेऊन ड्राफ्टच्या १० दिवस आधीपर्यंत नाव मागे घेण्याची मुभाही असते. त्यामुळे दरवर्षी अनेक युरोपीय मुले नाव देतात, कोणता संघ किती उत्सुक आहे हे चाचपतात आणि माघार घेतात. क्रमांकाला महत्त्व का, तर पहिल्या फेरीतील खेळाडूचे वेतन ठरलेल्या श्रेणीनुसार असते आणि पहिल्या दोन वर्षांची हमी मिळते. दुसऱ्या फेरीत अशी हमी नसते. ३०वा आणि ३१वा यांच्यात अंतर एका पाळीचे, पण त्यावर एखाद्या कुटुंबाचे आयुष्य ठरू शकते.

युरोपकडे इतके लक्ष का?

कारण निकाल समोर आहेत. २०१९ ते २०२५ या सात हंगामांत ‘एनबीए’च्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार अमेरिकेत जन्मलेल्या एकाही खेळाडूला मिळालेला नाही. त्यातील पाच पुरस्कार दोन युरोपीय खेळाडूंनी पटकावले. ग्रीसचा यानिस अँटेटोकूम्पो दोनदा आणि योकिच तीनदा. २०२३च्या ड्राफ्टमध्ये फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा पहिला होता. २०२४मध्ये झाकारी रिसाशे पहिला, अलेक्स सार दुसरा आणि तिजान सालून सहावा निवडला गेला. तिघेही फ्रान्सचे. एकाच देशाने पहिल्या सहांपैकी तीन जागा घ्याव्यात, तीही अमेरिकेचा देश नव्हे, ही तीस वर्षांपूर्वी कुणाला पटली नसती अशी गोष्ट आहे.

या बदलाची सुरुवात १९९८मध्ये झाली असे मानले जाते. जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये वुर्त्सबुर्गकडून खेळणारा डर्क नोवित्स्की त्या वर्षी अमेरिकेतील ‘नाइकी हूप समिट’ या सामन्यात अमेरिकी तरुणांविरुद्ध ३३ गुण करून गेला. मिलवॉकीने त्याला नवव्या क्रमांकावर निवडले आणि लगेच डॅलसकडे सोपवले. २००७मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरलेला पहिला युरोपीय झाला, २०११मध्ये त्याने डॅलसला विजेतेपद मिळवून दिले. त्यानंतर प्रत्येक संघ ‘पुढचा नोवित्स्की’ शोधू लागला आणि इथूनच चुकाही सुरू झाल्या.

युरोपात खेळाडू कसा घडतो?

अमेरिकेत मुलगा शाळेकडून, मग महाविद्यालयाकडून खेळतो. युरोपात तो क्लबचा असतो. फुटबॉलप्रमाणेच क्लब लहान मुलांना हेरतात, वसतिगृहात ठेवतात, शाळेची सोय करतात आणि वयानुसार वरच्या संघात चढवतात. स्लोव्हेनियाचा लुका डॉनचिच १३व्या वर्षी ल्युब्लियाना सोडून रेआल माद्रिदच्या अकादमीत आला. भाषा नवी, देश नवा, आईवडील दूर. १६व्या वर्षी तो मुख्य संघातून खेळला.

फ्रान्समध्ये पॅरिसची ‘इनसेप’ ही सरकारी क्रीडा संस्था निवडक मुलांना घडवते. टोनी पार्कर आणि बोरिस दिआव तिथलेच. सर्बियात बेलग्रेडच्या ‘मेगा’ या क्लबने वेगळीच वाट धरली. विजेतेपदापेक्षा तरुणांना भरपूर खेळवायचे आणि ड्राफ्टपर्यंत पोहोचवायचे, हेच त्यांचे धोरण. २०१४च्या एकाच ड्राफ्टमध्ये या क्लबचे तीन खेळाडू निवडले गेले, २०१६मध्ये पुन्हा तीन.

पण ‘मेगा’ हा अपवाद. रेआल माद्रिद किंवा बार्सिलोनासारख्या क्लबमध्ये प्रशिक्षकाची नोकरी दर आठवड्याच्या निकालावर अवलंबून असते. राष्ट्रीय लीगमध्ये तळाला गेल्यास खालच्या श्रेणीत घसरण्याची भीतीही असते. अशा ठिकाणी १८ वर्षांच्या मुलाला शिकण्यासाठी मैदानात कोण सोडणार? तिशीतला, चुका न करणारा खेळाडू त्याच्या आधी उतरतो. स्काउटचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो.

स्काउट नेमके काय पाहतात?

बहुतेक ‘एनबीए’ संघांचे स्काउट युरोपात मुक्कामी असतात. त्यांचे वर्ष ठरलेले असते. १८ वर्षांखालील मुलांसाठी युरोलीगची ‘नेक्स्ट जनरेशन’ स्पर्धा, उन्हाळ्यात ‘फिबा’च्या १६, १८ आणि २० वर्षांखालील युरोपीय स्पर्धा, ‘एनबीए’ आणि ‘फिबा’ यांचे ‘बास्केटबॉल विदाउट बॉर्डर्स’ शिबिर, इटलीत त्रेविसोचे शिबिर आणि अमेरिकेतील हूप समिट. डॉनचिचने २०१५मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ स्पर्धा रेआलला जिंकून दिली आणि तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हापासून त्याचे नाव प्रत्येक स्काउटच्या वहीत होते.

आता जवळपास प्रत्येक सामन्याची चित्रफीत मिळते. मग विमानाने जायचे कशाला? कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो, स्काउट चेंडू नसतानाचा खेळ पाहतो. सरावात मुलगा किती मन लावतो, बदली केल्यावर बाकावर तोंड पाडून बसतो की सहकाऱ्याला टाळी देतो, प्रशिक्षक ओरडल्यावर त्याची नजर कुठे जाते, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. उंचीइतकीच हातांची लांबी मोजली जाते. आईवडील किती उंच आहेत हेही विचारले जाते, कारण मुलगा अजून वाढणार असतो. अँटेटोकूम्पोची उंची ड्राफ्टनंतरही वाढत राहिली.

माणसांशी बोलणे हा कामाचा मोठा भाग. जुने प्रशिक्षक, विरोधी संघातील खेळाडू, फिजिओ यांच्याकडून स्वभावाची आणि दुखापतींची माहिती काढली जाते. आणि अनेकदा इतका प्रवास करूनही मुलगा त्या दिवशी चार मिनिटेच खेळतो किंवा बाकावरच बसतो.

आकडे फसवे का ठरतात?

समजा, १७ वर्षांच्या दोन फलंदाजांपैकी एकाने शालेय सामन्यात द्विशतक केले आणि दुसऱ्याने रणजी सामन्यात ३० धावा केल्या. कोण सरस? धावफलक पहिल्याच्या बाजूने बोलेल, निवड समिती बहुधा दुसऱ्याच्या. युरोपातील बास्केटबॉलचे आकडे असेच वाचावे लागतात.

‘फिबा’च्या नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा, ‘एनबीए’त ४८ मिनिटांचा. तीन गुणांची रेषा युरोपात ६.७५ मीटरवर, ‘एनबीए’त बास्केटसमोर ती ७.२४ मीटरवर असते. ‘एनबीए’त बचाव करणारा खेळाडू कुणाला अडवत नसेल तर बास्केटजवळच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. युरोपात हे बंधन नाही, त्यामुळे तिथे बास्केटकडे मुसंडी मारायला मोकळी जागा कमी मिळते. मिनिटे कमी, चेंडू वाटून खेळण्याची पद्धत आणि समोर अनुभवी पुरुष. अशा लीगमधील आठ गुण अमेरिकी महाविद्यालयातील १८ गुणांपेक्षा वजनदार असू शकतात.

डॉनचिचचे उदाहरण बोलके आहे. २०१७-१८च्या युरोलीगमध्ये त्याची सरासरी सामन्यामागे सुमारे १६ गुणांची होती. ‘एनबीए’च्या पहिल्याच हंगामात ती २१.२ झाली आणि २०२३-२४मध्ये ३३.९. वरच्या लीगमध्ये जाऊन आकडे दुप्पट झाले. म्हणून स्काउट एकूण गुणांऐवजी मिनिटामागचे गुण, प्रतिस्पर्ध्यांचे वय, चेंडू हाती असताना घेतलेले निर्णय आणि फ्री थ्रोची अचूकता पाहतात. फ्री थ्रो सगळीकडे सारख्याच अंतरावरून मारले जातात, त्यामुळे नेमबाजीची पारख करायला तो त्यातल्या त्यात भरवशाचा आकडा.

वयोगटाच्या स्पर्धांतही सापळा असतो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच गटात खेळतात. १६व्या वर्षी ११ महिन्यांचा फरक म्हणजे काही सेंटिमीटर आणि बरेच किलो. लवकर वाढलेला मुलगा तिथे भाव खाऊन जातो, दोन वर्षांनी इतर त्याला गाठतात.

कोणते अंदाज सपशेल चुकले?

२००२मध्ये डेन्व्हरने जॉर्जियाचा निकोलोझ त्स्कितिश्विली पाचव्या क्रमांकावर घेतला. इटलीत बेनेटन त्रेविसोकडून तो फारसा खेळलाही नव्हता. उंच आहे, लांबून नेम धरतो, म्हणजे नोवित्स्कीच, हा तर्क. त्याची ‘एनबीए’तील सरासरी तीन गुणांपर्यंतही पोहोचली नाही.

पुढच्याच वर्षी डेट्रॉइटने लेब्रॉन जेम्सपाठोपाठ १८ वर्षांच्या मिलिचिचला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. त्याच्यानंतर कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड निवडले गेले, हे आजही डेट्रॉइटच्या चाहत्यांना बोचते. मात्र दोष एकट्या मुलाचा नव्हता. डेट्रॉइटचा संघ तेव्हा विजेतेपदाच्या तयारीत होता आणि २००४मध्ये त्याने ते मिळवलेही. सर्बियातून आलेल्या किशोराला तिथे खेळायला मिनिटे नव्हती. आपल्या बेशिस्तीची कबुली मिलिचिचने नंतर दिली, पण खेळ शिकायच्या वयात तो बाकावर बसून होता, हेही तितकेच खरे.

या दोन फजित्यांनंतर पारडे उलटे झुकले. २००६मध्ये इटलीच्या आंद्रेआ बर्न्यानीला टोरंटोने पहिला क्रमांक दिला, तोही या मानाला साजेसा ठरला नाही. युरोपीय खेळाडू ‘मऊ’ असतात, हा शेरा मग सर्रास मारला जाऊ लागला.

त्या शेऱ्याची किंमत २०१८मध्ये दिसली. १९ वर्षांचा डॉनचिच तोवर युरोपविजेता, युरोलीगविजेता आणि युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्या वयात एवढे यश युरोपात कुणालाच मिळालेले नव्हते. तरी त्याच्या वेगाबद्दल आणि उडीबद्दल शंका घेतल्या गेल्या. फीनिक्सने डीआंद्रे एटनला, सॅक्रामेंटोने मार्विन बॅग्लीला पसंती दिली. विशेष म्हणजे फीनिक्सचे नवे प्रशिक्षक इगोर कोकोश्कोव्ह यांनीच वर्षभरापूर्वी डॉनचिचच्या स्लोव्हेनियाला युरोपविजेते केले होते आणि सॅक्रामेंटोचे प्रमुख व्लादे दिवाच स्वतः सर्बियाचे. त्याला जवळून ओळखणारी माणसे असूनही निवड वेगळीच झाली. अटलांटाने त्याला तिसरा निवडून ट्रे यंग आणि पुढील एका निवडीच्या बदल्यात डॅलसला दिले.

मग योकिच ४१वा का राहिला?

२६ जून २०१४ रोजी डेन्व्हरने योकिचचे नाव पुकारले तेव्हा अमेरिकी वाहिनीवर खाद्यपदार्थांची जाहिरात सुरू होती. नाव पडद्याच्या तळाशी झळकून गेले. योकिच सोंबोर या गावी घरी झोपला होता. शरीर थुलथुलीत, उडी बेताची, धावण्यात वेग नाही. मोजपट्टीने जे मोजता येते, त्या सगळ्यात तो कमी होता. चेंडू कुठे जायला हवा हे त्याला इतरांआधी कळते, हे मात्र कोणत्याच मोजपट्टीत येत नव्हते.

त्याचा शोधही गमतीदार. त्याचे एजंट मिश्को राझ्नातोविच यांनी सांगितल्याप्रमाणे, वर्तमानपत्रात छापलेल्या कुमार सामन्यांच्या आकड्यांमध्ये एक अनोळखी नाव अवाच्या सवा गुण आणि रिबाउंडसह दिसले आणि त्यांनी त्याला ‘मेगा’त आणले. म्हणजे आकडे नेहमीच फसवे नसतात. पण त्या आकड्यांमागचा मुलगा कुणीतरी जाऊन पाहावा लागतो. डेन्व्हरने आणखी एक शहाणपण दाखवले. त्याला लगेच अमेरिकेत न नेता एक वर्ष ‘मेगा’तच खेळू दिले. त्या हंगामात तो एड्रियाटिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग डेन्व्हरला आला. मिलिचिच आणि योकिच यांच्या कहाण्यांत सर्वांत मोठा फरक हा एका वर्षाचा असावा. एक बाकावर बसला, दुसरा खेळत राहिला.

पार्करचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे. सॅन अँटोनियोचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांना त्याची पहिली चाचणी मुळीच आवडली नव्हती. सहकाऱ्यांनी आग्रह धरला, दुसरी संधी मिळाली आणि २००१मध्ये तो २८वा निवडला गेला. २००७मध्ये तो अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पहिल्या दहा मिनिटांवर कायमचा शेरा मारू नये, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

करारमुक्तीच्या रकमेचा अडसर कोणता?

युरोपीय खेळाडू क्लबशी कराराने बांधलेला असतो. अमेरिकेला जायचे तर क्लबला करारमुक्तीची रक्कम द्यावी लागते. ‘एनबीए’ संघ त्यातील ठरावीक मर्यादेपर्यंतचाच भाग उचलू शकतो, उरलेला भार खेळाडूच्या वेतनावर पडतो. स्पेनचा रिकी रुबियो १४व्या वर्षीच स्पेनच्या अव्वल लीगमध्ये खेळला होता. २००९मध्ये मिनेसोटाने त्याला पाचव्या क्रमांकावर निवडले, पण करारमुक्तीची रक्कम इतकी मोठी होती की तो बार्सिलोनाला गेला आणि दोन वर्षांनी, २०११मध्ये अमेरिकेत पोहोचला. दरम्यान, त्याच ड्राफ्टमध्ये मिनेसोटाने सोडलेला स्टीफन करी सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटला मिळाला होता.

क्लबच्या बाजूनेही हा पैसा महत्त्वाचा. मुलाला सहा-सात वर्षे सांभाळायचे, शिकवायचे आणि तो उपयोगी पडू लागताच सोडून द्यायचे. या रकमेतूनच पुढची मुले घडवता येतात.

अमेरिकी महाविद्यालयांनी गणित कसे बदलले?

जुलै २०२१पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करता येऊ लागली. जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. २०२५-२६साठी सर्व खेळ मिळून ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. युरोपातील क्लब १८ वर्षांच्या मुलाला देतात त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा, भरपूर मिनिटे आणि ‘एनबीए’ स्काउटांच्या दारातच खेळण्याची संधी. विद्यार्थी व्हिसामुळे परदेशी मुलांच्या कमाईवर काही बंधने येतात, तरी ओढा वाढतोच आहे.

रेआल माद्रिदचा येगोर द्योमिन आणि बार्सिलोनाचा लिथुआनियन कास्पारास याकुचोनिस २०२४मध्ये अनुक्रमे ब्रिगहॅम यंग आणि इलिनॉय विद्यापीठात गेले. वर्षभरात द्योमिन आठव्या आणि याकुचोनिस २०व्या क्रमांकावर निवडले गेले. त्याच २०२५च्या ड्राफ्टमध्ये रेआलमध्येच थांबलेला, जेमतेम मिनिटे मिळालेला ह्युगो गोन्झालेझ २८वा होता. एका वर्षाच्या उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, पण १७ वर्षांच्या मुलाचे आईवडील हे क्रमांक पाहतातच.

स्काउटचे काम त्यामुळे सोपे झाले का? काही अंशी. अमेरिकी महाविद्यालयांतील मुलांशी थेट तुलना करता येते. पण मोठ्यांशी खेळताना हा मुलगा टिकतो का, या युरोपातच मिळणाऱ्या उत्तराला ते मुकतात.

पुढे काय?

मार्च २०२५मध्ये ‘एनबीए’ आणि ‘फिबा’ यांनी युरोपात नव्या लीगची शक्यता तपासत असल्याचे जाहीर केले. ती आकाराला आली तर खेळाडू घडवण्याच्या साखळीत ‘एनबीए’ थेट युरोपात पाय रोवेल. युरोपातील क्लबांची चिंता वेगळी आहे. करारमुक्तीच्या पैशाशिवाय मुले १८व्या वर्षी निघून जाऊ लागली तर १३व्या वर्षी त्यांना घडवण्याचा खर्च कुणी करायचा?

भारतासाठीही यात एक सूचना आहे. पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५मध्ये डॅलसने ५२वा निवडले, ड्राफ्टमधून निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण तो ‘एनबीए’चा एकही सामना खेळू शकला नाही. उंची हेरता येते. खेळ मात्र रोज कुणाशी तरी खेळूनच घडतो. सोंबोरसारख्या गावातून योकिच निघाला, कारण त्याच्या आसपास कुमारांच्या लीग होत्या, त्यांचे आकडे वर्तमानपत्रात छापून येत होते आणि ते वाचून गाडी काढणारे कुणीतरी होते.